पाणंदीनें जाणारी बिऱ्हाडगाडी : ती घरीं कशी बांधावी

शेत एकीकडे आणि घर दुसरीकडे ही आपल्या शेतकऱ्याची फार जुनी अडचण आहे. ज्यांची जमीन गांवाला लागून आहे त्यांस तिची कल्पना यावयाची नाहीं. परंतु वांटण्या होऊन ज्यांचा एक तुकडा ओढ्यापलीकडे व दुसरा माळाच्या टोंकास गेला आहे, त्यांस राखणीच्या व काढणीच्या दिवसांत शेतावरच मुक्काम करावा लागतो. विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे पिकास पाणी देण्यासाठींही रात्र तेथेंच काढावी लागते. अशा वेळीं उघड्यावर किंवा खोपटांत जमिनीवर अंथरूण घालून निजण्यांत केवळ गैरसोय नाहीं, जिवाचा धोका आहे. मण्यार जातीचा साप रात्रीं फिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरतो, आणि त्याचा दंश इतका बारीक असतो कीं पुष्कळदां निजलेल्यास तो झाल्याचें कळतही नाहीं. तेव्हां जमिनीपासून उंच, जाळी लावलेलें व दार बंद होणारें निजण्याचें ठिकाण शेतावर असावें ही गरज चैनीची नव्हे.

ती भागविण्याचा एक उपाय म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. अशा गाडीस अलीकडे कॅम्पर किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून हें नांव वर्तमानपत्रांतून अधिक ऐकूं येऊं लागलें. परंतु त्या गाड्या बहुधा डांबरी सडकेनें जाणाऱ्या प्रवाशांकरितां असतात. आपणांस हवी ती गाडी पाणंदीनें, ओढ्याच्या उतारानें व बांधाच्या कडेनें जाणारी हवी. चारही चाकांस ओढ असलेली पिकअप गाडी, गांवचा वेल्डिंगवाला आणि एक हुशार सुतार एवढी सामग्री असली कीं ती घरच्या घरीं होऊं शकते.

या लेखाचें सार आधींच सांगून ठेवतों. अशी गाडी बांधतांना पहिला प्रश्न बिछान्याचा नाहीं कीं विजेचा नाहीं. तो वजनाचा आहे. जो आधीं वजनाचा हिशेब मांडतो त्याची गाडी चालते. जो आधीं कपाटें करावयास घेतो त्याची गाडी घाटांत नाहीं तर ओढ्यांत अडते. महसुली कारकुनींत ज्याचें आयुष्य गेलें त्यास कोणत्याही कामांत आधीं वही उघडण्याची संवय असते. या कामांत ती संवय फार उपयोगी पडते.

ही कल्पना शेतीचीच आहे

चाकांवरचें घर ही शहरी लोकांची हौस आहे असा समज बरोबर नाहीं. इंग्लंडांत मेंढ्या विण्याच्या हंगामांत मेंढपाळ बिडाच्या चाकांवर बसविलेल्या लहानशा खोपींत कुरणावरच राहत. तींत एका कोपऱ्यांत लोखंडी शेगडी असे, आणि अशक्त कोंकरें उबेस ठेवण्यासाठीं बिछान्याखालीं पिंजरा असे. अमेरिकेंत टेक्ससमधील चार्ल्स गुडनाइट या गोपालकानें १८६६ सालीं सैन्याची एक जुनी गाडी घेऊन तिच्या मागील बाजूस खणांची पेटी बसविली. पेटीचें झाकण खालीं उघडलें कीं तेंच स्वयंपाकाचें मेज होई. गुरांचे कळप शेंकडों मैल हांकीत नेणाऱ्या गड्यांचें जेवण त्या गाडीवर होत असे. आजच्या कॅम्परच्या मागील दारांतील स्वयंपाकघर हें त्या पेटीचेंच रूप म्हणावयास हरकत नाहीं. जर्मनींत दुसऱ्या महायुद्धानंतर युनिमॉग नांवाची गाडी निघाली तीही शेतीच्या कामासाठींच. तिच्या दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १२७० मिलिमीटर ठेविलें होतें, कारण तेवढ्यांत बटाट्याच्या दोन ओळी बसत. तीच गाडी पुढें वाळवंटांतून व डोंगरांतून हिंडणाऱ्या बिऱ्हाडगाड्यांचा आवडता पाया ठरली.

आपल्याकडे धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून दरसाल मेंढरांमागें जातात. घोड्यास पेलेल तेवढेंच बिऱ्हाड बरोबर घ्यावयाचें, हा त्यांचा नियम कोणी लिहून ठेविलेला नाहीं. परंतु मोटारीस तोच लागू आहे.

कागद आधीं

मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ असें सांगतें कीं, निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपुस्तकांतील तपशील जुळणार नाहीं असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मधील निकालांत हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन कलम १८२-अ यास सध्याचें रूप आलें. त्याप्रमाणें परवानगीवांचून केलेल्या फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

म्हणून शेतकऱ्यानें गाडी कापूं नये, चेसिस लांबवूं नये, हौदा काढून त्याजागीं खोली बसवूं नये. हौद्यांत ठेवतां येईल व पुन्हा उचलून काढतां येईल अशी स्वतंत्र पेटी बांधावी. यांत कायद्याच्या अडचणीपेक्षां मोठा लाभ दुसराच आहे. पेटी शेतावर आपल्या चार पायांवर उभी राहते आणि गाडी कांदा, कापूस किंवा खत वाहण्यास मोकळी होते. ज्याची गाडी हेंच त्याच्या कमाईचें साधन आहे त्यास गाडी वर्षभर घरासारखी उभी करून ठेवणें परवडत नाहीं.

तीन गोष्टी मात्र पाळाव्या. पहिली, गाडी चालत असतां पेटींत कोणीही बसूं नये. माणसें पुढील केबिनमध्येंच बसावीं. दुसरी, पेटीनें मागील दिवे व नंबरपाटी झांकली जाऊं नये आणि ती हौद्याच्या बाजूंबाहेर येऊं नये. तिसरी, पेटीचा साधा नकाशा व अंदाजी वजन लिहून परिवहन कार्यालयास लेखी विचारणा करावी, विमा कंपनीसही कळवावें, आणि दोहोंचीं उत्तरें जपून ठेवावीं. तोंडी होकार म्हणजे कागद नव्हे. ज्यांस गाडी कायमचीच घरगाडी करावयाची आहे त्यांनीं नोंदणीच्या नियमांप्रमाणें मान्यता असलेल्या बांधणीकाराकडे जावें. तो मार्ग वेगळा व अधिक खर्चाचा आहे.

वजनाचा जमाखर्च

नोंदणीपुस्तकांत दोन आंकडे असतात : रिकाम्या गाडीचें वजन आणि भरलेल्या गाडीचें कमाल वजन. दोहोंतील फरक ही आपली जमा. रिकाम्या वजनांत चालवणाराचें वजन धरलेलें नसतें, म्हणून माणसांचें वजनही खर्चांतच घालावयाचें. समजा रिकामें वजन १,८५० व कमाल वजन २,८५० किलो आहे. तर जमा १,००० किलो झाली. खराब वाटेवर गाडीस धक्के बसतात व पाटे दुप्पट काम करतात, म्हणून त्यांतील १५० किलो शिल्लक टाकून ८५० किलोंतच खर्च बसवावा.

पेटीची लांबी २.४ मीटर, रुंदी १.६५ मीटर व उंची १.६५ मीटर धरली तर तिच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ सुमारें २१ चौरस मीटर होतें. २५ मिलिमीटरच्या पातळ चौरस लोखंडी पाइपाचा ६० मीटर सांगाडा, बाहेरून १ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा, मध्यें फोमचा तक्ता, आंतून ४ मिलिमीटरचें प्लायवूड आणि तळाशीं १२ मिलिमीटरचें प्लायवूड घातलें असतां खर्च पुढीलप्रमाणें येतो. सर्व आंकडे किलोंचे आहेत.

पेटी, दार व खिडक्यांसह : २७०
रबरी गाद्या, पकडी व बांधणीचें सामान : २०
बिछान्याच्या फळ्या, खण व कपाट : ६०
पाणी ६० लीटर, टांकीसह : ६८
बॅटरी, सौरपत्रा व तारा : ३५
लहान शीतपेटी, आंतील मालासह : २५
शेगडी व ५ किलोंचा गॅस सिलिंडर : १८
भांडीं व शिधा : ४०
हत्यारें, जॅक, फावडें, दोर, हवेचा पंप : ५५
अंथरूण व कपडे : २५
दोन माणसें : १४०
एकूण : ७५६

म्हणजे ८५० मध्यें अजून ९४ किलो उरले. बियाण्याचें एखादें पोतें व फवारणीचा पंप त्यांत सहज जातो. आतां हीच पेटी मजबुतीच्या भ्रमानें ४० मिलिमीटरचा जाड पाइप, १.६ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा व आंतून १२ मिलिमीटरचें प्लायवूड घेऊन बांधली तर काय होतें तें पाहावें. पत्रा २६० किलोंवर, प्लायवूड दीडशें, सांगाडा १४०, आणि दार-खिडक्या मिळून पेटीच ६२० किलोंच्या घरांत जाते. बिऱ्हाड तेंच राहिलें तरी एकूण खर्च १,१०० किलोंवर गेला, म्हणजे कायद्यानें घातलेली मर्यादाही ओलांडली. मर्यादेबाहेर ओझें नेण्यास कलम १९४ प्रमाणें २०,००० रुपये व दर जादा टनामागें २,००० रुपये दंड आहे. परंतु दंड भरून सुटका होते, घाट उतरतांना तापून निकामी झालेल्या ब्रेकांपासून होत नाहीं.

पेटी तयार झाली कीं गाडी सर्व सामानासह वजनकांट्यावर न्यावी. आधीं सगळी गाडी, मग फक्त पुढचीं चाकें व मग फक्त मागचीं चाकें कांट्यावर घेऊन तीनही आंकडे वहींत लिहावे. कापसाचें वजन करतांना आपण जितके काटेकोर असतों तितकें येथें असावें.

ओझें कोठें ठेवावें

बैलगाडी भरणारास हें सांगावयास नको. ओझें मागें गेलें कीं गाडी उलाळते, पुढें आलें कीं जूं बैलांच्या मानेवर रुततें. मोटारींतही नियम तोच. ज्या गाडीच्या पुढील व मागील आंसांत ३ मीटर अंतर आहे, तिच्या मागील आंसाच्या पाठीमागें १ मीटरवर १०० किलो ठेविले तर मागील आंसावर १०० नव्हे, १३३ किलो भार येतो, आणि पुढील आंसावरील भार ३३ किलोंनीं कमी होतो. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे ओल्या चढावर गाडी वळत नाहीं. म्हणून पाणी, बॅटरी व हत्यारें हीं जड सामानें मागील आंसाच्या पुढें व तळाशीं ठेवावीं. मागील टोंकास व छपरावर फक्त हलकें सामान ठेवावें. पुष्कळ लोक जादा चाक व इंधनाचे डबे छपरावर चढवितात. ती चाल मोडावी.

उंचीचा परिणाम आडव्या उतारावर दिसतो. दोन बाजूंच्या चाकांत १.४ मीटर अंतर आहे असें धरूं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.८ मीटरवर असेल तर ती कागदावर सुमारें ४१ अंश कलेपर्यंत उलटत नाहीं, तोच १.१ मीटरवर गेला तर ही मर्यादा ३२ अंशांवर येते. प्रत्यक्षांत पाटे व टायर एका बाजूस दबतात, चाक खड्ड्यांत जातें, आणि गाडी याच्या पुष्कळ आधीं उलटते. बांधाची वरंबट ओलांडतांना ती तिरपी न ओलांडतां सरळ ओलांडावी, याचें कारण हेंच.

सांगाडा, भिंती व जोडणी

वेल्डिंग झाल्यावर सांध्यांवरील कीट घांसून काढून रेडऑक्साइडचे दोन हात द्यावे. ॲल्युमिनियम व लोखंड यांचा उघडा स्पर्श ओलाव्यांत ॲल्युमिनियमास खातो, म्हणून पत्रा बसवितांना मध्यें रबरी पट्टी किंवा चिकटपट्टी घालावी. फोमचा तक्ता पाइपांच्या मधल्या जागेंतच भरून भागत नाहीं. पाइपांवरूनही पातळ पट्टी फिरवावी, नाहींतर दिवसां तेथूनच ऊन आंत येतें आणि थंडींत तेथेंच पाणी सुटतें. बाहेरचा रंग पांढरा असावा. छपरावर सौरपत्रा चार बोटें उंच बसवावा, म्हणजे त्याची सावली छपरावर पडते व मधून वारा खेळतो. एवढ्यानेंही वैशाखांत आंतील उष्मा पुष्कळ कमी होतो.

उंचसखल वाटेवर गाडीची चेसिस पिळते. पेटी मात्र ताठ असते. ती चारही कोपऱ्यांस करकचून आवळली तर पेटीचे सांधे तडकतात किंवा पकडी तुटतात. म्हणून हौद्यांत जाड रबरी चटई घालावी, पुढील दोन बांधण्या घट्ट कराव्या, आणि मागील दोन बांधण्यांस मजबूत स्प्रिंग घालून थोडी लवचीक ठेवावी. बांधणी हौद्याच्या पातळ पत्र्यास करूं नये. चेसिसभोंवतीं यू-बोल्टच्या पकडी बसवून त्यांस करावी. चेसिसला भोंक पाडणें किंवा वेल्डिंग करणें वर्ज्य समजावें. पेटी गाडीच्या शेपटीबाहेर फार येऊं देऊं नये. तशी आली तर ओढ्यांतून वर चढतांना तिचें टोंक जमिनीस घांसतें.

पेटी उचलण्यासाठीं चार कोपऱ्यांस आंट्यांचे जॅक असलेले पाय लावावे. चारही पाय एकेक करून थोडथोडे वर घ्यावे. एकच बाजू एकदम उचलूं नये. पायांखालीं रुंद फळ्या द्याव्या, आणि पेटी एकटी उभी असतां चार खुंट्या मारून दोरांनीं ताणून बांधावी. रिकामी हलकी पेटी वळवाच्या वाऱ्यानें कलंडूं शकते.

हवा, ओल व धूर

हा भाग कोणीही वाचल्यावांचून सोडूं नये. बंद पेटींत शेगडी, निखारे किंवा कोळसा पेटवून निजणें म्हणजे मरण ओढवून घेणें होय. अर्धवट जळणांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या माणसास जाग न येतांच तो मारतो. गाडीचें इंजिन चालू ठेवून शेजारीं निजणेंही तितकेंच घातक आहे. थंडी असेल तर एक कांबळें अधिक घ्यावें, परंतु आंत जाळ करूं नये. हा वायु ओळखून घंटा वाजविणारें लहान यंत्र बाजारांत मिळतें. तें बिछान्याजवळ लावावें.

दोन माणसांच्या श्वासांतून व अंगांतून एका रात्रींत सुमारें अर्धा लीटर पाणी वाफेच्या रूपानें हवेंत जातें. त्यास बाहेर जाण्यास वाट नसेल तर तें थंड भिंतीवर जमून गादी व प्लायवूड कुजवितें. म्हणून समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्या, एक खालीं व एक छपराजवळ, आणि दोहोंस बारीक जाळी लावावी. रात्रीं त्या पूर्ण बंद होणार नाहींत अशी योजना करावी. गादीखालीं सलग फळीऐवजीं फटी ठेवून पट्ट्या माराव्या. दार मागील बाजूस असेल तर एक खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी मोठी असावी. आग दाराकडे लागली तर तीच सुटकेची वाट. आग विझविण्याचा कोरड्या पावडरचा लहान नळा दाराशीं हात पोंचेल असा टांगावा.

चूल व पाणी

स्वयंपाक बाहेरच करावा. गुडनाइटच्या पेटीप्रमाणें मागील बाजूस खालीं उघडणारें झाकण करून त्यावर शेगडी ठेवावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर तो वर जात नाहीं, तळाशीं सांचतो. म्हणून सिलिंडरचा खण पेटीच्या आंतून पूर्ण बंद व बाहेरून उघडणारा असावा, आणि त्याच्या तळास बाहेर जाणारें भोंक ठेवावें. गाडी हलण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद करावा.

पाणी माणशीं रोज १० लीटर धरलें तर दोन माणसांस तीन दिवसांसाठीं ६० लीटर पुरतें. शेतावर विहीर असली तरी पिण्याचें पाणी घरूनच न्यावें. टांकी खाद्यपदार्थांस चालणाऱ्या प्लास्टिकची घ्यावी. ती अर्धी भरली असतां वळणावर पाणी हिंदकळतें व गाडीस झोक देतें, म्हणून एका मोठ्या टांकीपेक्षां २० लीटरचे तीन डबे घट्ट बांधून ठेवणें अधिक बरें. ते उचलून विहिरीवर नेतांही येतात.

विजेचा हिशेब

येथेंही वही आधीं. शीतपेटी उन्हाळ्यांत दिवसाकाठीं सुमारें ४५० वॅट-तास घेते; २५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर २००; ५ वॅटचे तीन दिवे चार तास, ६०; दोन मोबाईल व बॅटरी-दिवा, ४०. एकूण ७५०. आजकाल मिळणारी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२८० वॅट-तास सांठविते. त्यांतील आठ-दशांश वापरावी म्हटलें तर १,०२४ हातीं येतात. म्हणजे ऊन नसलें तरी एक दिवस व थोडें अधिक निभावतें. २०० वॅटचा सौरपत्रा स्वच्छ उन्हांत, तूट वजा जातां, दिवसाला साडेसहाशें-सातशें वॅट-तास देतो. पावसाळ्यांत फार कमी. शीतपेटी वगळली तर खर्च ३०० वर येतो व तीच बॅटरी तीन दिवस पुरते. दूध व औषध ठेवावयाचें नसेल तर शीतपेटी खरोखर हवी कीं काय, याचा विचार प्रत्येकानें करावा.

घरच्या इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची १५० अँपिअर-तासांची बॅटरी स्वस्त असते. परंतु तिचें वजन ५५-६० किलोंपर्यंत जातें आणि तिच्यांतील निम्मीच वीज वापरणें तिच्या आयुष्यास हितकर असतें. लिथियम बॅटरी १२-१३ किलोंची असते. फक्त ती शून्य अंशाखालील थंडींत भरूं नये. हिमालयाकडे जाणारानें हें ध्यानांत ठेवावें.

१२ व्होल्टच्या तारेंत विजेचा दाब कमी, म्हणून प्रवाह मोठा. ठिबकाची नळी बारीक व लांब असली कीं शेवटच्या झाडास पाणी पोंचत नाहीं, तसेंच येथें होतें. १० अँपिअर प्रवाह ५ मीटर दूर न्यावयाचा असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेंत त्यांतील ०.७ व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेंत ०.३ व्होल्ट. म्हणून तार जाड घ्यावी, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज बसवावा. खराब वाटेवर तार घांसून पत्र्यास टेकली तर फ्यूज नसलेली गाडी पेटते. तार जेथें पत्र्यांतून जाते तेथें रबरी कडें घालावें.

पाणंद, ओढा व काळी जमीन

मऊ मातींत किंवा वाळूंत टायरांतील हवा थोडी कमी केली म्हणजे टायर पसरतो व गाडी रुतत नाहीं. परंतु त्या स्थितींत गाडी अगदीं सावकाश चालवावी आणि सडकेस लागण्यापूर्वीं पंपानें हवा पुन्हा भरावी. पंप नसेल तर हवा काढूंच नये. ओल्या काळ्या जमिनींत मात्र हा उपाय फारसा चालत नाहीं, कारण चिखल टायरांच्या खांचांत भरून चाक गुळगुळीत होतें. तेथें एकच उपाय, वापसा येईपर्यंत थांबणें. यांत गाडीचें जितकें हित तितकेंच जमिनीचें आहे. ओल्या रानांतून अडीच टन ओझें फिरलें तर चाकाखालील माती दबून घट्ट होते व पुढील पिकाच्या मुळांस तें जाणवतें. म्हणून शेतांतही गाडीनें ठरलेल्या एकाच वाटेनें जावें-यावें.

ओढ्यास पाणी वाहत असेल तर आधीं पायीं तळ पाहावा; पायीं जाण्याचें धैर्य होत नसेल तेथें गाडी घालूं नये. फूट-दीड फूट वेगाचें पाणीही हलकी गाडी बाजूस ढकलूं शकतें, आणि बंद पेटी पाण्यांत तरंगूं पाहत असल्यानें हा धोका वाढतो. फावडें, दोन मजबूत फळ्या, ओढदोर आणि जॅकखालीं ठेवण्याचा लांकडी ठोकळा हें सामान नेहमीं बरोबर, खालीं व हातास लवकर येईल असें ठेवावें.

शेवटची सूचना

पेटी पुरी झाली म्हणून पहिल्याच दिवशीं मुक्कामास निघूं नये. प्रथम वजनकांटा, मग पाण्याचे डबे भरून गांवच्या पाणंदीवर एक फेरी, मग सर्व बोल्ट पुन्हा आवळणें, कारण नव्या बांधणीचे बोल्ट पहिल्या फेरींत हमखास सैल होतात, मग एक रात्र घराच्या अंगणांत. त्या रात्रीं जें अडेल तें वहींत लिहून दुरुस्त करावें. इतकें झाल्यावर शेतावर जावें.

ज्यांस एकट्यानें खर्च झेपत नाहीं त्यांनीं चार-पांच जणांनीं मिळून एक पेटी करण्यास हरकत नाहीं. सर्वांच्या गाड्यांचे हौदे मोजून सर्वांत लहान हौद्याच्या मापानें ती बांधावी, म्हणजे ती कोणत्याही गाडीवर चढेल. हंगामाच्या पाळ्या व दुरुस्तीचा वांटा आधींच कागदावर लिहून घ्यावा. पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांस हें अवघड नाहीं. आणि पेटी कोणाचीही असो, तिच्या दाराच्या आंतील बाजूस वजनाचा जमाखर्च एका कागदावर लिहून चिकटवावा. नवी वस्तु आंत घेणारानें ती त्यांत मांडावी, आणि बेरीज ८५० च्या वर जात असेल तर दुसरी कांहीं वस्तु बाहेर काढावी.